दिवा सेन्सरचा, दुखणं कुणाचं?

या महिन्याच्या टपालात ऑक्सिजन सेन्सरबद्दल एकदम पाच पत्रं निघाली. पहिल्या पत्राला मी जास्त जागा देतोय, कारण ती गाडी मी स्वतः पाहिली.

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. आमची गाडी २०११ सालची, पेट्रोल, बीएस-४, एमएच-०४ पासिंग. बाबांनी घेतली होती, आता मी चालवते. रोज कासारवडवलीहून नौपाड्याला शाळेत आणि परत. १ लाख ८ हजार किलोमीटर झालेत. दोन महिन्यांपासून ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागतोय. पूर्वी लिटरला १४ मिळायचे, आता १० सुद्धा कसेबसे. पीयूसीत गाडी नापास झाली, सीओ १.१ आला. एका गॅरेजमध्ये स्कॅन केलं तर पी ०१३१ आणि पी ०१७१ असे दोन कोड निघाले. ते म्हणाले, ऑक्सिजन सेन्सर गेला, ५,८०० रुपये होतील. दुसरे म्हणाले, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला, आणि त्याचा आकडा ऐकून मी घरीच आले. मधे एकाने बॅटरीची तार काढून परत लावली, दिवा चार दिवस गेला आणि पाचव्या दिवशी पुन्हा हजर. लवकरच गाडीला १५ वर्षं होतील, नोंदणी पुढे वाढवायची आहे. घरचे म्हणतात विकून टाक. मला ती ठेवायची आहे. सेन्सर टाकू का?
— एक शिक्षिका, कासारवडवली, ठाणे

उत्तर : ताई, सेन्सर सध्या टाकू नका. कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत धूर शुद्ध करणारा डबा, तो तर मुळीच नको. तुमच्या पत्रातले आकडे एकमेकांशी भांडतायत, आणि ते का भांडतायत हे कळेपर्यंत कुठलाही पार्ट विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

आधी हा सेन्सर करतो काय ते बघू. इंजिनातला धूर मॅनिफोल्डमधून, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या फाट्यातून, सायलेन्सरकडे जातो, त्या वाटेत तो स्पार्क प्लगसारखा आट्यांत बसवलेला असतो. टोकाला झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची बोटाच्या पेराएवढी टोपी. टोपीच्या बाहेरून धूर, आतल्या बाजूला मोकळी हवा. साधारण ३०० अंशांच्या वर तापली की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर ती टोपी स्वतः वीज तयार करते. धुरात ऑक्सिजन जवळपास नाही, म्हणजे पेट्रोल जास्त, ज्याला आपण रिच म्हणतो : तेव्हा ०.८-०.९ व्होल्ट. धुरात ऑक्सिजन उरलाय, म्हणजे लीन : तेव्हा ०.१ च्या आसपास. मधली रेघ ०.४५. गाडीतला कॉम्प्युटर हे व्होल्टेज बघून पेट्रोल वाढवतो, कमी करतो, पुन्हा वाढवतो. म्हणून गरम इंजिनावर चांगल्या सेन्सरचा आकडा एका जागी थांबत नाही, सतत झोके घेतो. १९७६ साली बॉशने बनवलेला असा सेन्सर व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा बसला. तुमच्या गाडीत आहे तो त्याच जातीचा.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात घ्या. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही. त्याला फक्त ऑक्सिजन कळतो. तो ऑक्सिजन कुठून आला हे त्याला विचारून उपयोग नाही, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

आता तुमचे कोड. पी ०१३१ म्हणजे पुढच्या, कन्व्हर्टरच्या अलीकडच्या सेन्सरचं व्होल्टेज फार कमी. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन. दोघांचं म्हणणं एकच : पेट्रोल कमी पडतंय. आणि पीयूसीची चिठ्ठी काय म्हणते? बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर सीओची मर्यादा ०.३ टक्के. तुमचा १.१. सीओ म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल, आणि तो एवढा चढतो तो पेट्रोल जास्त झालं तरच. सेन्सर म्हणतोय गाडी उपाशी आहे, सायलेन्सर म्हणतोय अजीर्ण झालंय. दोघांतला एक चुकतोय.

म्हणून मी फोन करून ताईंना तीन गोष्टी विचारल्या. चिठ्ठीवर एचसीचा, म्हणजे न जळलेल्या पेट्रोलचा आकडा किती? २६०. मर्यादा २००, म्हणजे जास्त आहे पण फार नाही. एखादा सिलिंडर मिस करत असता तर न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर पडून हा आकडा हजारांत गेला असता. मिसिंगमध्येही न वापरलेला ऑक्सिजन धुरात जातो आणि सेन्सर ‘लीन’ म्हणतो, म्हणून हे आधी बाजूला काढायला हवं होतं. दुसरं, प्लग काढून फोटो पाठवा म्हटलं. चारही प्लग कोरड्या काजळीने काळे, कंदिलाच्या काचेसारखे. म्हणजे इंजिन खरोखरच रिच चालतंय, चिठ्ठी खरी आहे. तिसरं, सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर टिकटिक आवाज येतो का? ताई म्हणाल्या, “येतो, दोन मिनिटांत जातो. वॉचमन म्हणाला टॅपेट आहे.”

इथे माझे कान टवकारले.

कुणी म्हणेल, इनटेकचा एखादा व्हॅक्यूम पाइप फाटला असेल, तिथून हवा घुसत असेल. कोड बघून पहिला विचार तोच येतो. पण त्यात सेन्सर खरं बोलत असतो : मिश्रण खरंच लीन असतं, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आणि हिशोब पुन्हा बरोबर होतो. प्लग काळे पडत नाहीत, सीओ चढत नाही. काळे प्लग आणि ‘लीन’ची तक्रार एकत्र आली की शक्यता थोड्याच उरतात. सेन्सर मेलाय, किंवा त्याची सिग्नलची वायर घासून बॉडीला टेकलीय, किंवा सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला लीकेज आहे.

लीकेजचं गणित लोकांना उलटं वाटतं. लीक झालं तर धूर बाहेर जाईल, हवा आत कशी येईल? पण धूर पाण्याच्या नळासारखा सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरतो आणि फटीतून ताजी हवा आत ओढली जाते. सेन्सर त्या हवेतला ऑक्सिजन बघतो, प्रामाणिकपणे ‘लीन’ कळवतो, कॉम्प्युटर पेट्रोल ओततो. सेन्सर पुन्हा ‘लीन’ म्हणतो, कॉम्प्युटर आणखी ओततो. तुमचे लिटरमागचे चार किलोमीटर या गैरसमजात जळतायत.

मी मानपाड्याला राहतो, तिथून कासारवडवली दूर नाही. रविवारी सकाळी सातला गेलो. ताईंना सांगून ठेवलं होतं की रात्रीपासून गाडी चालू करायची नाही, मला इंजिन थंड हवंय. बॉनेट उघडलं, रबराच्या पाइपचा दोन हात लांब तुकडा घेतला, एक टोक कानाला, दुसरं टोक मॅनिफोल्डच्या कडेने फिरवत राहिलो. ताईंनी चावी फिरवली. पहिल्या, दुसऱ्या सिलिंडरपाशी नुसती घरघर. तिसऱ्यापाशी पाइप नेला आणि कानात स्पष्ट टच-टच-टच. जीभ टाळ्याला लावून काढतो तसा आवाज. दीड-दोन मिनिटांत मॅनिफोल्ड तापला, लोखंड फुगलं, फट मिटत आली आणि आवाज विरला. टॅपेटचा आवाज वरून, व्हॉल्व्ह कव्हरखालून येतो. हा खालून येत होता.

तरी सेन्सरला न विचारता निकाल द्यायचा नाही, म्हणून इंजिन चांगलं गरम झाल्यावर मीटर लावला. वाचकांपैकी कुणाला करायचं असेल तर सांगतो. साधा डिजिटल मल्टिमीटर चालतो, डीसी २ व्होल्टच्या रेंजवर. चार वायरच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायर हीटरच्या असतात, बऱ्याचदा पांढऱ्या. उरलेल्या दोनांत बहुतेकदा काळी सिग्नलची आणि करडी अर्थची, पण आपल्या गाडीचा वायरिंगचा नकाशा बघूनच हात घाला. कनेक्टर जोडलेलाच ठेवायचा आणि मागून वायरीच्या कडेने टाचणी सरकवायची. वायरीच्या आवरणात टाचणी टोचू नका. आपल्याकडच्या पावसात त्या भोकातून पाणी शिरतं, आणि अनेक सेन्सर आतली मोकळी हवा वायरीच्या वाटेनेच घेतात. त्याच कारणाने कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा स्प्रेही नको.

आयडलिंगला आकडा ०.०८ ते ०.१५ मध्ये रेंगाळत होता. कोड खोटा नव्हता. मग ताईंना रेस धरायला सांगितली, २५०० आरपीएमवर. आकडा हलला, ०.२ आणि ०.७ मध्ये झोके घ्यायला लागला. मग एकदम जोरात रेस देऊन सोडायला लावली, ०.८८. मेलेला सेन्सर असं करत नाही. तो मधल्या रेघेवर नाहीतर तळाला पडून राहतो, कितीही रेस द्या. इथे आयडलिंगला खोटं आणि रेसवर खरं, कारण वेग वाढला की धूर इतका येतो की फटीतल्या हवेचा वाटा किरकोळ होतो. लीकेजची ही फार चांगली खूण आहे. स्कॅनर जोडला तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक २२, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा २२ टक्के जास्त पेट्रोल घालत होता.

गाडी थंड झाल्यावर हीट शिल्डचे, म्हणजे मॅनिफोल्डवरच्या उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचे तीन बोल्ट काढले, दहाच्या पान्याचे. एक गंजून तुटलाच. शिल्ड बाजूला केली आणि तिसऱ्या सिलिंडरच्या पॅकिंगपाशी काजळीचा डाग दिसला, मोराच्या पिसाऱ्यासारखा, फटीपाशी अरुंद आणि बाहेर रुंद होत गेलेला. मॅनिफोल्ड इंजिनाला आवळून धरणारा वरचा स्टड नटासकट गायब. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन तुटला असणार. ताईंनी मोबाइलचा टॉर्च धरून स्वतः पाहिलं. वागळे इस्टेटमधल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याने दुसऱ्या दिवशी तुटका स्टड काढला, नवं पॅकिंग (गॅस्केट) आणि दोन स्टड टाकले. मजुरीसकट १,९०० रुपये. सेन्सर तोच ठेवला.

कोड पुसले. आठ दिवसांत फ्युएल ट्रिम २२ वरून ३ वर उतरली. पीयूसीला सीओ ०.०६, आणि वाढवलेल्या रेसवरच्या चाचणीत लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १.०१. तिथे ०.९७ ते १.०३ मध्ये असावा लागतो. टाकी फुल ते टाकी फुल मोजून ताईंनी कळवलं, १३.१.

उरलेला फरक कुठे गेला असं ताई विचारतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या, १० टक्के इथेनॉलपर्यंत जुळवलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट अंदाजलेली आहे. १४ वर ६-७ टक्के म्हणजे साधारण एक किलोमीटर. तो सोसावा लागेल. पण १४ चे १० झाले आणि कुणी “इथेनॉलमुळे होतं हो” म्हणालं, तर ऐकू नका. ती घट जवळपास २९ टक्के आहे, तिला दुसरं कारण असतंच.

कन्व्हर्टरचंही सांगतो. तो अजून ठीक आहे, पण असंच आणखी सहा महिने चालवलं असतं तर कदाचित राहिला नसता. जास्तीचं पेट्रोल तिथे जाऊन जळतं, आतली जाळी बेसुमार तापते आणि वितळू शकते. म्हणून दिवा लागल्यावर “गाडी चालतेय ना” म्हणून ढकलू नये. आणि बॅटरी काढून दिवा घालवणं तर पुरावा पुसणं आहे. कोडबरोबर त्या वेळच्या नोंदी आणि ट्रिमचे आकडेही जातात, कॉम्प्युटर पुन्हा तपासतो, तीच चूक सापडली की दिवा परत येतो.

मी या बाबतीत इतका आग्रही का, तर २००४ साली हीच चूक माझ्या हातून झालीय. कळव्याचे एक पेन्शनर गृहस्थ होते. त्यांच्या गाडीला मी नवा सेन्सर टाकला, महिन्याने परत आले, मी म्हटलं पीस खराब निघाला, दुसरा टाकला. तिसऱ्यांदा आले तेव्हा मॅनिफोल्डला केसासारखी चीर सापडली. दोन्ही सेन्सरचे पैसे मी परत दिले. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी महिनाभर दवाखान्याच्या फेऱ्या रिक्षाने केल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

प्रश्न : माझी २०१३ ची सेडान. जुलैत सायन-पनवेल रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गेली, बंद पडली नाही. आठवड्याने दिवा लागला, कोड पी ०१३५. नेरुळ ते वाशी रोजच्या येण्याजाण्यात ॲव्हरेज खूप पडलंय, पण परवा पुण्याला गेलो तर नेहमीसारखंच मिळालं. हे कसं?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : तुम्ही स्वतःच निदान केलंय, फक्त नाव दिलं नाही. पी ०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरची वीजवाट. टोपी तापल्याशिवाय सेन्सर बोलत नाही हे वर सांगितलंच. त्यासाठी आत एक छोटा हीटर असतो, म्हणजे चालू केल्यापासून मिनिटाच्या आत-बाहेर सेन्सर कामाला लागतो. हीटर नसेल तर टोपी फक्त धुराच्या उष्णतेवर तापते. तोपर्यंत कॉम्प्युटर अंदाजाने, हात जरा सैल सोडून पेट्रोल घालतो. नेरुळ-वाशीच्या सिग्नलच्या प्रवासात सेन्सर तापतो-तापतो तोवर तुमचं ऑफिस येतं. एक्स्प्रेस-वेवर तो तापलेलाच राहतो, म्हणून पुण्याला ॲव्हरेज बरोबर.

पण तरी आधी फ्यूज बघा. हे मी हात जोडून सांगतो, कारण दहा रुपयांच्या फ्यूजऐवजी सेन्सर बदललेली गाडी मी पाहिलीय. मग कनेक्टर सोडवा, आत हिरवट गंज किंवा ओल आहे का बघा. पाण्यातून गेलेल्या गाडीत हे फार होतं. चावी ऑन करून गाडीच्या बाजूच्या कनेक्टरमध्ये एका हीटरच्या वायरीवर १२ व्होल्ट येतात का ते मोजा. काही गाड्यांत ते इंजिन चालू असतानाच येतात. येत असतील तर सेन्सरच्या बाजूच्या त्या एकाच रंगाच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. थंड असताना एक आकडी किंवा दहा-पंधरापर्यंत ओहम दिसायला हवेत, नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. मीटरने काहीच दाखवलं नाही, म्हणजे आतली तार तुटली. मग मात्र सेन्सर बदलाच, त्यात दुरुस्ती नाही. ओहमची ही मोजणी फक्त हीटरच्या वायरींवर. सिग्नलच्या वायरीवर ओहमचा मीटर लावू नका, सेन्सर खराब होऊ शकतो.

तापलेल्या सिरॅमिकवर थंड पाणी उडालं की ते तडकू शकतं, गरम काचेच्या ग्लासात बर्फाचं पाणी ओतल्यासारखं. तुमच्या गाडीत तसं झालं असेल तर सिग्नलही गडबडेल, तोही एकदा बघून घ्या.

नवा बसवताना इंजिन कोमट असू द्या, आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. २२ चा पाना लागतो, वायरीसाठी खाच असलेला सॉकेट मिळाला तर उत्तम. आट्यांना लावायची पेस्ट बहुतेक नव्या सेन्सरला लावूनच येते. वेगळी लावलीत तर टोकाच्या जाळीला अजिबात लागू देऊ नका.

प्रश्न : २००७ ची गाडी, २०१४ मध्ये बाहेरून सीएनजी किट बसवलं. सीएनजीवर छान चालते, पेट्रोलवर टाकली की काळा धूर आणि पेट्रोलचा वास. मेकॅनिक म्हणतो ऑक्सिजन सेन्सर.
— एक वाचक, कळवा

उत्तर : सेन्सर असेलही, पण मी आधी किटच्या वायरिंगकडे जाईन. जुन्या धाटणीच्या किटमध्ये सेन्सरची सिग्नलची वायर कापून मधे एमुलेटर बसवतात. गाडी गॅसवर असताना तो कॉम्प्युटरला खोटे झोके दाखवत राहतो, म्हणजे पेट्रोलचा हिशोब बिघडत नाही आणि दिवा लागत नाही. पेट्रोलवर टाकल्यावर त्याने बाजूला व्हायचं आणि खरी वायर जोडून द्यायची. हा बदल अडकला, किंवा तिथला चिकटपट्टीतला जोड दहा पावसाळ्यांत कुजला, की पेट्रोलवर असताना कॉम्प्युटरपर्यंत सेन्सरचं काहीच पोहोचत नाही.

तपासायला सोपं आहे. गाडी पेट्रोलवर गरम करा आणि दोन ठिकाणी मोजा : सेन्सरपाशी आणि कॉम्प्युटरच्या सॉकेटपाशी. सेन्सरपाशी झोके आहेत आणि कॉम्प्युटरपाशी नाहीत, तर दोष मधल्या वायरीत. तिथे सोल्डर न करता चांगला क्रिंप जोड घालून घ्या. दोन्हीकडे मढ्यासारखा स्थिर आकडा असेल, तर तुमच्या मेकॅनिकचं बरोबर.

प्रश्न : सेन्सर काढून पेट्रोलमध्ये बुडवून, ब्रशने घासून साफ करतात. करावं का? माझ्या सेन्सरवर पांढरी भुकटी आहे.
— एक वाचक, खारघर

उत्तर : करू नका. काळी काजळी असेल तर ती मिश्रण नीट झाल्यावर गाडी तासभर मोकळ्या रस्त्यावर चालवली की आपोआप जळून जाते. घासल्याने टोपीवरचा प्लॅटिनमचा पातळ थर जातो, आणि तोच तर काम करतो.

तुमची पांढरी भुकटी मात्र काळजीची आहे. ती बहुधा सिलिकॉनची. नुकतंच व्हॉल्व्ह कव्हर किंवा ऑइल चेंबर उघडून साधं सिलिकॉन सीलंट लावलं होतं का? त्याची वाफ इंजिनातून जळून सेन्सरवर बसते आणि त्याची छिद्रं बुजवते. सेन्सर हळूहळू मंदावतो, झोके लांबतात. ते निघत नाही, सेन्सर नवा लागेल. पुढच्या वेळी ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलं सीलंटच वापरायला सांगा. तसं काही केलं नसेल तर रेडिएटरचं पाणी रोज पातळी बघून मोजा. कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असेल तरी असाच पांढरा थर येतो. मग दुखणं हेड गॅस्केटचं आहे, आणि नवा सेन्सरही काही महिन्यांत तसाच होईल.

प्रश्न : सर, मी आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर आहे. त्यावर दोन ऑक्सिजन सेन्सर दिसतात. पुढचा वर-खाली होतो, मागचा जवळपास सरळ रेघ. मागचा खराब समजायचा का?
— एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : नाही रे बाळा, उलट आहे. मागचा सरळ आहे हे शुभलक्षण. पुढचा सेन्सर कन्व्हर्टरच्या आधी, मागचा नंतर. कन्व्हर्टर धुरातला ऑक्सिजन साठवतो आणि वापरतो, त्यामुळे त्याच्या पलीकडे झोके उरत नाहीत. मागचा ०.६-०.७ च्या आसपास संथ राहतो. तोही पुढच्यासारखा भराभर वर-खाली व्हायला लागला, तर कन्व्हर्टर थकला असं समज. पी ०४२० हा कोड त्यातूनच येतो. पण पुन्हा तेच, कन्व्हर्टरवर शिक्का मारण्याआधी एक्झॉस्टचं लीकेज बघायचं.

मागचा संथ आहे पण जिवंत आहे का, हे बघायचं असेल तर २५०० वर दोन मिनिटं धरून रेस एकदम सोड. पेट्रोल बंद होतं, नुसती हवा जाते, मागचाही खाली यायला हवा.

पुढच्याचं बघताना दहा सेकंदांत तो ०.४५ ची रेघ किती वेळा ओलांडतो ते मोज. २५०० आरपीएमवर, गरम इंजिनावर, आठ-दहा वेळा तरी ओलांडायला हवी. दोन-तीनदाच, सावकाश, म्हाताऱ्यासारखा चढत-उतरत असेल तर तो मंदावलाय. पी ०१३३ कोड त्याचाच. इथे मल्टिमीटर तुला फसवेल, त्याचा आकडा मागे पडतो, म्हणून आलेखच बघ. तुझा स्वस्त स्कॅनर एकाच वेळी दहा गोष्टी वाचायला लावलास तर तोही मंद होतो आणि चांगला सेन्सर तुला आजारी दिसेल. त्या वेळी फक्त पुढच्या सेन्सरचा एकच आकडा निवड, बाकी सगळे बंद कर. २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांना हा स्कॅनर जोडलाच जाणार नाही, तिथे टाचणी आणि मीटरची सवय हवी.

आणि चांगल्या, निरोगी गाडीचा आलेख सापडला की त्याचा स्क्रीनशॉट काढून गाडीचं मॉडेल, साल आणि किलोमीटर लिहून ठेव. माझ्याकडे असे कागद दोन फायली भरून आहेत. एखाद्या शनिवारी दुपारी मानपाड्याला ये, बघायला देतो. येताना तुझा स्कॅनर घेऊन ये.